तुर्कीची सफरचंदं बंद हे पटतंय, पण आधीच आलेल्या मालाचं काय?

मेघा_कोथरूड
नमस्कार. दोन आठवडे झाले आमच्या घरी तुर्कीचं काहीही आणायचं नाही असं ठरलंय आणि मला ते मनापासून पटलंय. फेब्रुवारी २०२३ ला तिकडे भूकंप झाला तेव्हा ऑपरेशन दोस्त म्हणून आपली एनडीआरएफची माणसं, लष्कराचं हॉस्पिटल सगळं धावून गेलं आणि आता मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष झाला तेव्हा ते उघडउघड पाकिस्तानच्या बाजूने उभे राहिले, ड्रोनसुद्धा त्यांचेच निघाले, मग राग येणारच ना.
पण परवा कोपऱ्यावरच्या चाचांच्या हातगाडीवर गेले तर ते एकेका सफरचंदावरचं स्टिकर नखाने खरवडत बसले होते. शेजारी एक बाई तावातावाने विचारतायत, तुर्कीचं विकता, लाज नाही वाटत? चाचा एवढंच म्हणाले की ताई, रोख पैसे मोजून आणलंय, आता फेकू का. मी काहीच न घेता परत आले आणि तेव्हापासून चैन नाही. बहिष्कार घालायचा तर तो नक्की कोणावर?

गाळा_नंबर_विसरा
ताई, आमचा मार्केटयार्डात गाळा आहे म्हणून सांगतो. हा माल कंटेनरने समुद्रातून येतो, मग कोल्ड स्टोरेजला पडतो, तिथून गाळ्यावर आणि मग हातगाडीवर. तोपर्यंत तिकडच्या बागायतदाराचे पैसे बहुतेक वेळा कधीच चुकते झालेले असतात, वर ५०% आयात शुल्क आपल्याच सरकारला गेलेलं असतं. आता पेटी सडली तर नुकसान आयातदाराचं, आमचं आणि चाचांचं. पुण्यातल्या व्यापाऱ्यांनी तुर्कीचा माल घ्यायचा नाही असं ठरवलं ते मला योग्यच वाटतं, धंद्याला झळ बसते तरी, कारण पुढची ऑर्डर गेली नाही की तिथे कळतं. हातगाडीवर ओरडून अंकारात काही ऐकू जात नाही.

निखिल७७
मला हे सगळंच सिलेक्टिव वाटतं हो. जून २०२० ला गलवानमध्ये आपले २० जवान गेले, तेव्हा चायनीज मालावर बहिष्कार म्हणून केवढा जोर होता आणि आज आपण सगळे कुठल्या फोनवरून टाइप करतोय? सफरचंद सोडणं सोपं आहे, सिमल्याचं मिळतं. आणि १५ मे ला आपल्या विमानतळांवर काम करणाऱ्या चेलेबी या तुर्की कंपनीचा सिक्युरिटी क्लिअरन्स सरकारने काढला, तो सुरक्षेचा विषय म्हणून सोडून देऊ, पण विमानतळावर बॅगा चढवणारी पोरं तर इथलीच ना, त्यांच्या पगाराचा विचार बहिष्कार म्हणणाऱ्यांपैकी कितींनी केला?

आंबेगावकर
निखिल, सगळं जमत नाही म्हणून जमेल तेवढंही करायचं नाही हे मला पटत नाही. आमच्या तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे बाबू गेनू, गिरणी कामगार, १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत काळबादेवीला परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवे झाले आणि गेले. ट्रकमधलं कापडही कुणीतरी पैसे मोजूनच घेतलं असणार, तेव्हा मेघाताईंचा प्रश्न त्या काळातही होताच.
आणि पुढच्याच वर्षी गोलमेज परिषदेला गेलेले गांधीजी मुद्दाम इंग्लंडमधल्या कापड गिरण्यांच्या भागात, लँकेशायरला गेले. आपल्या बहिष्कारानेही ज्यांचं काम गेलं होतं त्या गिरणी कामगारांमध्ये राहिले, आपल्या खेड्यांतली बेकारी केवढी आहे ते त्यांना समोरासमोर सांगितलं. बहिष्कार मागे घेतला नाही, पण ज्याला झळ बसते त्याच्या डोळ्यात बघायची तयारी ठेवली. त्या बाईंनी चाचांचं ऐकून तरी घ्यायला हवं होतं. आणि खरं सांगायचं तर तो प्रश्न बाकीच्या फळवाल्यांनाही त्याच सुरात विचारला असता का, हे मला सलतंय.

मेघा_कोथरूड
शेवटचं वाक्य वाचून गलबलून आलं, कारण पलीकडच्या मोठ्या दुकानात तीच सफरचंदं काचेआड होती आणि तिथे कुणी चकार शब्द काढत नव्हतं, मीसुद्धा नाही.
आज संध्याकाळी चाचांकडे जाऊन दीड किलो घेतली, स्टिकर काढू नका म्हटलं. त्यांनी स्वतःहून सांगितलं की हे संपलं की तुर्कीचं नाही आणणार, आता हिमाचलचा सीझन लागेपर्यंत आंबा आणि कलिंगडावरच गाडी चालवायची. तुर्कीचं पुढे मीही घेणार नाहीच. सोसायटीच्या ग्रुपवर गाळेवाल्या दादांचं उत्तर टाकू का? दादा, तुमची हरकत नाही ना?