मदत हवी आहे: मूव्हर्सवाल्याने सामान अडकवलंय

ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरून खारघरला शिफ्ट झालोय. पॅकर्सवाल्याने व्हॉट्सॲपवर 14,000 चं कोटेशन दिलं, ‘सगळं धरून’. टेम्पो भरल्यावर सूर बदलला: मजल्याचे वेगळे, कपाट खोलायचे वेगळे, आता 22,500 टाका, मगच गाडी हलेल. शनिवारी यायचं सामान अजून भिवंडीच्या गोडाऊनमध्ये आहे. शेगडीही त्यातच, आई विचारते, चहा कशावर करू? पक्कं बिल मागितलं तर ‘जीएसटी वरून लागेल’ म्हणतो, वर हसतो!

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जादा पैसे ‘हरकतीसह दिले’ असं लिहून आधी सामान सोडवून घ्यावं, की सरळ पोलिसांत जावं? 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या ठिकाणच्या ग्राहक आयोगात दाद मागता येते, पण खारघर पडतं रायगडात. मग ठाणे की अलिबाग? कुणी केलंय का असं?