पौष्टिक खायचं पटतंय पण होत नाही, उपाय सुचवा

संथगती: भाज्या-फळं खावीत, तळलेलं कमी करावं हे मला शंभर टक्के पटलंय. तरी संध्याकाळी सातला दमून घरी आलं की हात बिस्किटांच्या डब्याकडेच जातो आणि फळं फ्रिजमध्ये सुकतात. पटलेलं अंगी लागायला तुम्हाला कशाचा उपयोग झाला? खर्च नको, आणि रोज १० मिनिटांच्या वर वेळ नाही.

निशाचर: सरळ आहारतज्ज्ञ लावा. मी वर्षाचं पॅकेज घेतलं, पैसे भरले की आपोआप शिस्त लागते. सोबत चांगला मिक्सर पण घ्या, माझा एकदम भारी आहे.

घरचंखा: अहो त्या खर्च नको म्हणतायत ना! मी ॲप घेतलेलं, चौथ्या दिवशी नोटिफिकेशन बंद केली. २१ दिवस मन घट्ट करा, सवय लागतेच.

मुळाक्षर: हे २१ कुठून येतं? सवय लागायला किती दिवस लागतात यावरच्या लॅली आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस निघाले, कुणाला १८ तर कुणाला २५४. मधे एखादा दिवस चुकला तरी फार बिघडत नाही हेही दिसलं. लोक २२व्या दिवशी स्वतःला दोष देऊन सोडून देतात, त्याचं वाईट वाटतं.

घरचंखा: मला २१ मध्येच लागली. चहातली साखर सोडून आठ वर्षं झाली.

उंबरठा: ताई, मानसशास्त्रज्ञ आइझेन यांच्या १९९१ च्या मांडणीत हेतू तीन गोष्टींवर ठरतो, आपल्याला ते कसं वाटतं, जवळच्यांची अपेक्षा काय आणि आपल्याला ते जमेल असं वाटतं का. तुमचं पहिलं पक्कं आहे, अडतंय तिसऱ्यात. शिवाय हेतू पक्का असला तरी ऐन वेळी तो आठवायला हवा, म्हणून मानसशास्त्रज्ञ गोलवित्झर यांचं ‘जर-तर’ करून बघा: जर घरी येऊन चप्पल काढली, तर आधी एक फळ खाईन. काही सोडण्यापेक्षा चांगलं काही वाढवायला हे जास्त उपयोगी पडतं. माझ्याकडे फळं खालच्या कप्प्यात, पिशवीला गाठ मारून असायची, दमल्यावर ती गाठ सोडायचाही कंटाळा यायचा. आता धुऊन, कापून डोळ्यांसमोरच्या फळीवर ठेवते, संपतात.

निशाचर: म्हणूनच म्हटलं, कापायचं मशीन घ्या.

रानवाट: बिस्किटं घरात आणूच नका, विषय संपला.

घरचंखा: तेच, आणूच नका.

संथगती: सगळ्यांचे आभार. डबा घरातल्या बाकीच्यांचा आहे, तो काढता येणार नाही. उंबरठाताई, ‘जर’ लिहायला बसले तर पुढे सुचेना, कारण सातला मला भूक असते की नुसतं कुठेतरी टेकायचं असतं हे मलाच माहीत नाही. म्हणून दोन आठवडे काहीच बदलणार नाहीये, फक्त वहीत लिहिणार. कालचं: ७.१०, ओट्याशी उभ्यानेच, चार, भूक नव्हती.

उंबरठा: दोन आठवडे कशाला थांबताय, फळ आजच कापा की.

संथगती: नाही, आधी वही.