गिरण चालवायची तर काय बदलायचं?

(घरचा ग्रुप, रविवार रात्र. आमची गिरण आणि मिरची कांडप बेळगावात वडगावला.)

मी: दादाच्या तिन्ही वह्या आणि वैनीची निळी वही बघून झाली. आप्पा, तुम्ही विचारला होतासा, काय बदलायला पाहिजे म्हणून. आकडे घालते, सगळ्यांनी आधी वाचा. गेल्या एप्रिलपासून मार्चपर्यंत दळणाची मजुरी २,४६,०००. कांडपाची १,६२,०००. मसाल्याची पाकिटं ३,१०,०००. लाईट बिल वर्षाचं ८६,४००.

दादा: बघा. मसाला सगळ्यात पुढं. दोन वर्षं मी हेच म्हणायलोय. औंदा डबल करूया.

मी: दादा, ३,१०,००० ही विक्री झाली. ६२० किलो, ५०० रुपयांनी. एका किलोला मिरची, खोबरं, धने, तीळ, लसूण, तेल, दगडफूल-नाकेश्वर आणि पाकीट धरून ३८५ जातात, वैनीनंच लिहून ठेवलंय. म्हणजे २,३८,७०० चा माल. देठ काढायला येणाऱ्या बायकांचे २८,०००. उरले ४३,३००. त्यातले ३१,००० अजून दुकानदारांकडं उधार आहेत. हातात आले १२,३००. वैनी सकाळी पाचला उठून खोबरं भाजते, त्याचा एक रुपया यात धरलेला नाही.

दादा: १२,३००?

मी: परत एकदा मांडून बघ. मी तीनदा मांडलं.

आत्या (निपाणी): अग बाई. पोरीनं हात भाजून घेतले की गेल्या वर्षी त्या कढईला.

वहिनी: वन्सं, मला अंदाज होता. उधारीचं मी ह्यांना सांगितलं होतं. खरं दुकानदार म्हणतात, पहिला माल संपू दे, मग पैसे. आणि दुसरा माल नेतातच.

दादा: मी ऐकलं नाही, होय. चूक झाली माझी.

मी: मला जास्त काळजी दळणाची वाटायलीय. दोन वर्षांमागं हीच मजुरी ३,०५,००० होती. दर तोच, किलोला सहा रुपये. म्हणजे जवळजवळ दहा हजार किलो धान्य आपल्या दारात आलंच नाही.

दादा: लोकं तयार पिठाची पिशवी घेतात आता. सगळ्याच गिरणींचं तसं झालंय.

आई: सगळ्यांचं नाही. आपल्या गल्लीतल्या बायका डबा घेऊन पुढच्या चौकातल्या गिरणीत जातात. मी देवळात भेटल्यावर एकीला सरळच विचारलं. ती म्हणाली, काकू, तुमच्याकडचं पीठ गरम येतंय. डब्यात भरलं की वाफ धरते, आठवड्यात वास लागतो. ज्वारीची भाकरी थापताना कडा फुटतात.

दादा: मला कोण बोललं नाही असं.

आई: तुला कशाला बोलतील? गेली की परत येत नाहीत, एवढंच.

आप्पा: टाकी कधी मारलीस दगडाला, खाचा पाडायला?

दादा: दिवाळीच्या आधी.

आप्पा: आणि आता संपूर्ण मिरचीचा सिझन गेला.

दादा: टाकीवाला यायचा तो आता येत नाही आप्पा. दोनदा फोन केला.

आप्पा: मी टायपिंगला हळू आहे, सगळं लिहीपर्यंत कोण मधी बोलू नका. दगडाच्या खाचा बोथट झाल्या की दगड धान्य कापत नाही, रगडतो. रगडलं की तापतंय. पीठ जाडं पडतंय म्हणून तू चाक आवळतोस, म्हणजे दगड आणखी जवळ, आणखी तापणार. मोटर जास्त ओढते. घट पण वाढते, कारण धान्यातला ओलावा वाफ होऊन जातोय. गिऱ्हाईक घरी जाऊन तोलतंय आणि म्हणतंय गिरणवाल्यानं पीठ काढून घेतलं. १९८७ ला गिरण घातली तेव्हापासून मी दर सोमवारी सुट्टीला वरचा दगड उचलून बघत होतो. हात फिरवला की कळतंय. तू नवीन कांडप मशीन आणलीस, चांगलं केलंस. खरं पोट भरतंय ते दळणावर.

मी: आप्पा, तुम्ही म्हणताय ते बिलात दिसतंय. दळण कमी झालं, तरी पावसाळ्यातल्या युनिट फारशा उतरल्या नाहीत. किलोमागं वीज जास्त जायलीय.

दादा: मग दगडच बदलूया का?

आप्पा: दगडाला काय झालंय? अजून बोटभर माल आहे त्याच्यात. टाकी मारायची.

(सोमवार सकाळ)

मी: लाईट बिलातली आणखी एक गोष्ट. मंजूर लोड २५ एचपी आहे. गव्हाची गिरण १०, दुसरी साडेसात, कांडप साडेसात. फिक्स चार्ज लोडवर बसतो, मोटर फिरो नाहीतर न फिरो. जुलैच्या ५,१०० च्या बिलात २,८०० निव्वळ फिक्स चार्ज आहे. दुसरी गिरण काढून लोड कमी करून घेतला तर महिन्याला ८४० च्या आसपास वाचतील.

आई: दुसरी गिरण काढायची नाही. वरी, राजगिरा, साबुदाणा त्याच्यावर होतोय. गव्हाच्या दगडावर दळलेलं उपासाला चालत नाही कोणाला. आषाढी-श्रावणात त्याच्यासाठी बायका लांबून येतात आपल्याकडं.

मी: आई, ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मग तिथं दोन एचपीची लहान चक्की चालेल का? उपासाचं दळण थोडंथोडकं असतं. लोड साडेएकोणीसवर येतो, महिन्याला सहाशेच्या आसपास वाचतात.

आई: लहान चालेल. वेगळी पाहिजे, एवढंच.

काका (पुणे): मी मध्ये बोलू का? आमच्या सोसायटीत वहिनीचा मसाला सगळ्यांना आवडला. महिन्याला चाळीस किलो मी इथं खपवतो. उधार नाही, पैसे आधी. कुरिअरनं पाठवा.

दादा: काका 🙏 आणि शिनोळीत पण एक दुकानदार तयार आहे.

मी: काका, तुमची मदत मनापासून हवी आहे, पण आत्ता जमणार नाही. आपली वर्षाची उलाढाल सात-सव्वासात लाख. नुसत्या मालाच्या धंद्याला ४० लाखांपर्यंत, आणि आपल्यासारखं मजुरीचं काम पण असलं तर २० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, म्हणून आपण घेतलेली नाही. ती सवलत राज्याच्या आतल्या विक्रीला आहे. दुसऱ्या राज्यात माल पाठवायचा तर पहिल्या किलोपासून नोंदणी पाहिजे. उद्या आपण पाचशे किलोमीटरवर बेंगळूरला पाठवला तर चालतो. शिनोळी आपल्या वेंगुर्ला रोडवर हाकेच्या अंतरावर, पण चंदगड तालुका महाराष्ट्रात, म्हणून तिथं पाठवता येत नाही.

आत्या (निपाणी): काय हे. आमचं अर्धं माहेर-सासर त्या रस्त्यावर.

काका (पुणे): जीएसटीची छोट्या धंद्यांसाठीची कंपोझिशन योजना घ्या मग. एक टक्का भरला की झालं ना?

मी: कंपोझिशनमध्ये सुद्धा राज्याबाहेर विकता येत नाही. साधी नोंदणीच घ्यावी लागेल, मग रिटर्न आले, हिशोबनीस आला. हातात १२,३०० राहणाऱ्या धंद्यावर ते ओझं औंदा नको. चंदगडची माणसं इथं येऊन दुकानातून पिशवीत भरून नेतात ते वेगळं, त्याला अडचण नाही. आणि कांडपाला तर ती स्वतःच मिरची घेऊन येतात.

काका (पुणे): समजलं. मग मी सुट्टीला येईन तेव्हा माझ्या घरापुरता घेऊन जाईन.

वहिनी: मी रात्रभर विचार केला. मसाला बंद करू नका. खरं पाकिटं करून दुकानात ठेवणं बंद करूया. आपण गेल्या वर्षी मिरची एप्रिलात घेतली, लग्नसराईत, चढ्या दरानं. ब्याडगीची आवक फेब्रुवारीत जोरात असते. मी जानेवारीतच गिऱ्हाईकांकडून नावं आणि अर्धे पैसे घेते. कोणाला किती तिखट पाहिजे ते लिहून घेते. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. सगळ्यांना एकच मसाला विकायला गेलो म्हणून निम्मी म्हणतात लई तिखट, निम्मी म्हणतात रंगच आहे नुसता. ज्यांची त्यांची मिरची आपणच आणून, देठ काढून, वाळवून, कांडून द्यायची. नोकरीच्या बायकांना मिरची वाळवायला गच्ची नाही आणि वेळ पण नाही. मजुरी वेगळी लावायची.

मी: वैनी, हे माझ्या सगळ्या आकड्यांपेक्षा चांगलं आहे. माल पडून नाही, उधारी नाही.

आत्या (निपाणी): संकेश्वरी मी गडहिंग्लजच्या बाजारातून बघून देते. तिथली पारख आहे मला. पोत्याच्या तळातली बघून घ्यावी लागते, वरची सगळे चांगलीच ठेवतात.

वहिनी: आत्या, तुम्ही बरोबर असला की मला धीर येतोय.

मी: थोडी पाकिटं दुकानात राहतीलच, त्यांच्यावर नुसतं नावाचं स्टिकर चालत नाही. घटक, वजन, एमआरपी, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरायचा ते, आपला पत्ता, फोन, आणि अन्न परवान्याचा १४ आकडी नंबर. नंबर आपल्याकडं आहे, छापलेलाच नाही. हिरवा ठिपका पण पाहिजे. वजनकाट्याचा शिक्का पण बघ दादा, दरवर्षी मारून घ्यावा लागतो.

दादा: शिक्का आहे. बोर्ड पण करायचाय. कर्नाटकाच्या २०२४ च्या कायद्यानं बोर्डावर ६० टक्के कन्नड पाहिजे, तेही वरच्या अर्ध्या भागात. पेंटरला सांगितलंय.

आप्पा: खाली मराठीत आईचं नाव राहू दे. त्या नावावर लोकं डबा ठेवून जातात.

दादा: राहणार आप्पा. खालच्या भागात बसतंय, मी मोजून बघितलं.

मी: दुकानदारांच्या उधारीचं कोण बघणार?

दादा: मीच जातो. माल मी दिला होता. पंधरा दिवसांत जेवढे येतील तेवढे आणतो, आणि नवीन पाकीट कोणाला देत नाही.

आई: आणि गल्लीतल्या बायकांचं?

दादा: दगड झाला की तूच त्यांना सांग आई. पहिलं दळण मी फुकट करून देतो, पाच किलो. पीठ हातात घेऊन बघू देत.

आप्पा: फुकट नको. अर्ध्या मजुरीत दे. फुकट दिलं की वाटतंय आधीचं वाईट होतं म्हणून देतोय.

आई: वाईट होतंच की आप्पा. फुकटच देऊ दे.

आप्पा: बरं. दे.

दादा: आप्पा, टाकी तुम्ही मारणार का? गुडघा चालतोय?

आप्पा: मी खुर्चीवर बसून सांगतो. तू मार. पुढच्या सोमवारी सकाळी मेन बंद करून वरचा दगड दोघांनी मिळून उतरवा, एकट्यानं हात लावायचा नाही. टाकी माळ्यावर आहे, रॉकेलच्या जुन्या डब्यात, चिंधीत गुंडाळून. चष्मा घालूनच मारायची, कपची डोळ्यात उडते.