वाऱ्यामुळे जाणवणारी थंडी आणि ओले कपडे
तापमान 2 अंश असताना ताशी 40 किलोमीटरच्या वाऱ्यामुळे ते ‘उणे 5’ होते आणि नळातले पाणीही गोठते, असे काही जण म्हणतात; ते मला पटत नाही. वारा शरीराभोवतीचा उबदार हवेचा पातळ थर सतत उडवून लावतो, म्हणून उष्णता झपाट्याने जाते. पण वाऱ्यामुळे कोणतीही कोरडी वस्तू भोवतालच्या हवेपेक्षा थंड होत नाही. त्यामुळे 2 अंशांना नळ फुटणार नाही आणि हिमदंशही (त्वचा गोठणे) होणार नाही.

मात्र सहसा न मांडला जाणारा मुद्दा असा, की वाऱ्यामुळे किती थंड जाणवते हे काढण्यासाठी अमेरिका व कॅनडाने 2001 मध्ये स्वीकारलेले सूत्र कोरड्या, उघड्या चेहऱ्यापुरतेच आहे. त्यासाठीच्या चाचण्याही स्वयंसेवकांच्या चेहऱ्यांवर झाल्या होत्या. पावसाने वा घामाने भिजलेले कपडे त्यात धरलेलेच नाहीत, आणि शून्याच्या वरच्या तापमानातही शरीराचे तापमान धोकादायकरीत्या घसरते ते बहुधा अशा ओलाव्यामुळेच. म्हणून ‘जाणवणाऱ्या’ तापमानाच्या आकड्याकडे पाहत बसण्यापेक्षा (तो उणे 28 च्या खाली असेल तर गोष्ट वेगळी, कारण तेव्हा उघडी त्वचा 10 ते 30 मिनिटांत गोठू शकते) वारा अडवणारा बाहेरचा थर आणि बदलायला कोरडे कपडे जवळ ठेवणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.