शिह त्झू की ल्हासा अप्सो?
शिह त्झू जातीचं म्हणून दत्तक आणलेल्या कुत्र्याच्या पिल्लाचं नाक लांब वाटतंय, तर आधी चेहऱ्यावरचे केस ओले करून चापून बसवा आणि बाजूने बघा. शिह त्झूची कवटी घुमटासारखी, डोळे टपोरे, नाक आखूड. ल्हासाची कवटी अरुंद, डोळे अंडाकृती, नाक-तोंडाचा पुढे आलेला भाग पूर्ण वाढीत साधारण दीड इंच लांब. वजनावर जाऊ नका, पूर्ण वाढीत दोन्ही साधारण ५ ते ७ किलोंत बसू शकतात. संकर असेल तर डीएनए चाचणीच हवी. लाळेचा नमुना घेण्याआधी अर्धा तास खाणं-पाणी बंद, दुसऱ्या कुत्र्याची लाळ लागू देऊ नका. जात कुठलीही निघो, डोळा लाल झाला किंवा मिचकावू लागला तर त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवा.