मेळ्यात विसार देण्याआधी

शुक्रवार, 12 डिसेंबर 2025

कुलकर्णी वहिनी, ए-304 · रात्री 8:41
उद्या-परवा आपल्या बडोद्यात अकोट्याला ट्रॅव्हल मेळा आहे. आपल्या सोसायटीतली पाच-सहा घरं मे महिन्यात युरोपला निघायचं म्हणताहेत. जाहिरातीत लिहिलंय, "मेळ्यातच बुक केलंत तर माणशी 15,000 कमी." ज्यांना यातलं कळतं त्यांनी आज रात्रीच लिहा. उद्या त्या गर्दीत काही सुचायचं नाही.

साठे काका, बी-101 · 8:55
वहिनी, फलकावरचा मोठा आकडा सोडा, त्याच्या शेजारचा बारीक शब्द वाचा. "पासून" असं असतं तिथे. तो दर सर्वांत स्वस्त तारखेचा असतो. शाळांच्या सुट्टीतल्या मे महिन्याचा दर वेगळा आणि चढाच असणार. शिवाय तो माणशी, एका खोलीत दोघं धरून असतो. एकटं माणूस असेल तर खोलीचा जादा आकार. मुलाचे दोन दर: पलंगासह आणि पलंगाशिवाय. पलंगाशिवाय म्हणजे खरंच पलंग नाही, आईबापांच्या मध्येच झोपवायचं. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला ते नऊ रात्री जमत नाही. युरोपातल्या खोल्या लहान असतात, तिसरा पलंग म्हणजे बहुधा सोफा उघडून केलेला.

साठे काका, बी-101 · 9:02
आता मुख्य गोष्ट. युरोपच्या सहलीचा दर सहसा दोन तुकड्यांत असतो. समजा कागदावर असं आहे:
65,000 रुपये + 1,900 युरो
या अधिकच्या चिन्हाकडे लक्ष द्या. रुपयांचा भाग आज ठरला. युरोचा भाग तुम्ही पैसे भराल त्या दिवशीच्या दराने रुपयांत होणार. युरो 105 रुपये धरला तर 1,99,500, म्हणजे माणशी 2,64,500. मार्चपर्यंत युरो तीन रुपयांनी चढला तर माणशी 5,700 वाढले, चौघांचे 22,800. मेळ्यात मिळालेल्या सवलतीचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग इथे वाहून जातो.

म्हणून तीन गोष्टी विचारायच्या आणि कागदावर उतरवून घ्यायच्या. दर कोणत्या बँकेचा? कोणत्या दिवसाचा? टीटी सेलिंग (बँकेतून परदेशी पैसे पाठवायचा दर) की नोटांचा विक्रीदर? नोटांचा विक्रीदर टीटीपेक्षा महाग असतो. काही जण "बँकेचा दर अधिक एक रुपया" असंही लावतात. 1,900 युरोवर एक रुपया म्हणजे माणशी 1,900.

जाधव, सी-202 · 9:06
काका, मग युरोचा भाग आधीच भरून टाकला तर?

साठे काका, बी-101 · 9:09
भरता येतो, दर तिथेच बांधला जातो. पण मग सहल रद्द करायची वेळ आली तर अडकलेली रक्कमही तेवढी मोठी. व्हिसा हातात यायच्या आधी सगळे पैसे भरू नयेत असं माझं ठाम मत आहे.

पवार दादा, ए-501 · 9:14
कराचं मी सांगतो, यात सगळ्यांचाच गोंधळ होतो.

पॅकेजवर 5 टक्के जीएसटी. वर काकांनी काढलेल्या 2,64,500 वर 13,225, म्हणजे 2,77,725. त्यानंतर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आपल्याकडून आगाऊ गोळा करून सरकारकडे भरायचा आयकर, आणि तो जीएसटी धरून आलेल्या रकमेवर. 2025-26 या आर्थिक वर्षाचा दर असा: एका पॅनवर 10 लाखांपर्यंत 5 टक्के, त्याच्या वरच्या रकमेवर 20 टक्के. माणशी 13,886. खिशातून निघाले 2,91,611. व्हिसा, टिप, दुपारची जेवणं अजून यात नाहीत.

आता चौघांचं घर घ्या. जीएसटीसकट 11,10,900. सगळं एकाच पॅनवर बिल केलं तर 10 लाखांवर 50,000 आणि उरलेल्या 1,10,900 वर 22,180, एकूण 72,180. नवरा-बायकोने दोन बिलं करून आपापल्या पॅनवर, आपापल्या खात्यातून अर्धे-अर्धे भरले तर 55,545. फरक 16,635 चा. स्टॉलवर फॉर्म भरतानाच हे सांगावं लागतं. बिल एकदा निघालं की बदलून घेणं जिकिरीचं.

पवार दादा, ए-501 · 9:17
आणि हे पैसे बुडत नाहीत बरं का. टीसीएस आपल्या पॅनवरच्या कराच्या वार्षिक स्टेटमेंटमध्ये दिसतो, रिटर्नमध्ये कराविरुद्ध वळता होतो किंवा परत मिळतो. नोकरदारांनी त्याची माहिती ठरलेल्या फॉर्मवर ऑफिसला दिली तर पगारातून कापला जाणारा टीडीएस तेवढा कमी करता येतो, पुढच्या वर्षाची वाट पाहायला नको. निवृत्त मंडळींचं उत्पन्न करपात्र नसेल तरी परताव्यासाठी रिटर्न भरावंच लागेल. पॅन नंबरातलं एक अक्षर चुकलं तर जमा दुसरीकडेच दिसते, म्हणून पावतीवरचा पॅन तिथल्या तिथे वाचून घ्या.

शिंदे काकू, बी-403 · 9:20
नुसतं तिकीट घेतलं आणि हॉटेल आपलं आपण केलं तरी हा टीसीएस लागतो का?

पवार दादा, ए-501 · 9:22
नाही काकू. तिकीट, हॉटेल आणि तसाच इतर खर्च, यांतल्या किमान दोन गोष्टी एकत्र विकल्या तर ते पॅकेज. एकच गोष्ट घेतली तर पॅकेजचा टीसीएस नाही.

जाधव, सी-202 · 9:25
तिथे "विनाव्याज हप्ते" पण देतात म्हणे.

पवार दादा, ए-501 · 9:29
व्याज असतंच. ते आधी सवलत म्हणून वजा करून दाखवतात आणि मग बँक हप्त्यातून घेते. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी आणि बँकेची प्रोसेसिंग फी तुमच्याकडून. हप्ते घेतले की मेळ्याची रोखीची सवलत मिळते का, तेही विचारा, पुष्कळदा दोन्ही मिळत नाहीत. आणि सहल रद्द झाली, पैसे कार्डावर परत आले, तरी हप्ते आपोआप थांबत नाहीत. बँकेला कळवून ते वेगळे बंद करावे लागतात.

रोखीबद्दल: 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला कायद्यानेच बंदी आहे. कुणी "रोख द्या, बिलाशिवाय करू" म्हणालं तर त्या स्टॉलवरून उठायचं.

मोहिते ताई, सी-104 · 9:34
व्हिसाचं मी घेते. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या एका व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. 10 मेला निघणाऱ्यांची मुदत 10 नोव्हेंबरलाच सुरू झाली. सुट्टीच्या हंगामात अपॉइंटमेंट मिळत नाहीत, म्हणून स्टॉलवर पहिला प्रश्न हाच: आमच्या तुकडीची अपॉइंटमेंट कोणत्या देशाच्या केंद्रात आणि कोणत्या आठवड्यात? अर्ज ज्या देशात सर्वांत जास्त रात्री राहणार त्याच्याकडे. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतरणार त्याच्याकडे. बोटांचे ठसे द्यायला आपल्याला अहमदाबादला जावं लागेल. मागच्या 59 महिन्यांत ठसे दिलेले असतील तर ते पुन्हा चालू शकतात. बारा वर्षांखालच्या मुलांना ठसे नाहीत.

फी मोठ्यांना 90 युरो, सहा ते बारा वर्षांखालच्यांना 45, सहाच्या खाली माफ. केंद्राचा सेवाआकार वेगळा. व्हिसा नाकारला तरी फी परत नाही.

पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, दोन पानं कोरी हवीत, आणि परत निघायच्या तारखेनंतर किमान तीन महिने मुदत हवी. कंपन्या सहा महिने मागतात, ते बरंच आहे. मुदत काठावर असेल तर आधी नूतनीकरण, नंतर बुकिंग. तिकिटावर जुना नंबर आणि हातात नवा पासपोर्ट, ही कटकट नको.

मोहिते ताई, सी-104 · 9:41
नावांचं नीट वाचा, आपल्या गावात हे फार होतं. इथल्या कागदांवर नावाला "भाई", "बेन" जोडलेलं असतं. आधारवर "सुनंदाबेन", पासपोर्टवर "सुनंदा", पॅनवर लग्नाआधीचं आडनाव. तिकीट आणि व्हिसा दोन्ही पासपोर्टप्रमाणे, अक्षर न अक्षर. मेळ्यातला मुलगा फॉर्मवर तुम्ही बोलाल ते ऐकून लिहितो. त्याला नाव सांगू नका, पासपोर्टची झेरॉक्स द्या आणि त्याने लिहिलेलं स्वतः ताडून पाहा. गटाच्या तिकिटात सहसा नाव बदलून मिळत नाही, नवीन तिकीट काढावं लागतं.

दुबईचा विचार असणाऱ्यांनी पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी नाही ना ते पाहावं. फक्त एकच नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटक व्हिसाला तिथे 2022 पासून अडचण येते.

शिंदे काकू, बी-403 · 9:44
ताई, कागद काय काय लागतील?

मोहिते ताई, सी-104 · 9:50
बँकेचं स्टेटमेंट शिक्क्यासकट, तीन महिन्यांचं. काही ठिकाणी सहा मागतात, म्हणून सहाचंच काढा. तीन वर्षांची रिटर्न्स. नोकरीवाल्यांना रजेचं पत्र आणि पगाराच्या पावत्या, धंदा असेल तर नोंदणीचे कागद, मुलांसाठी शाळेचं पत्र. मूल एकाच पालकाबरोबर जात असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र. विमा किमान 30,000 युरोचा. अर्जाच्या आठवड्यात खात्यात एकदम तीन-चार लाख आणून टाकू नका. अचानक आलेली रक्कम तिथे शंकेनेच बघतात. मुदत ठेव मोडायची गरज नाही, तिच्या पावतीची प्रत जोडा.

जाधव, सी-202 · 9:53
बाबा 72 वर्षांचे आहेत, मधुमेह आहे. विमा पॅकेजमध्ये "मोफत" आहे असं दिसतंय.

मोहिते ताई, सी-104 · 9:57
भाऊ, मोफत विमा किती वयापर्यंत आहे ते बघा. पुष्कळदा साठच्या वर फरक भरावा लागतो. मधुमेह फॉर्मवर लिहायचाच. न लिहिता तिथे दवाखान्यात भरती झाले तर दावा तिथेच फेटाळला जातो. आधीपासूनच्या आजारावर किती रकमेपर्यंत देतात, तो आकडा पॉलिसीत शोधा.

साठे काका, बी-101 · 10:03
आता कार्यक्रमपत्रिका. सगळं क्रियापदावर आहे. "पाहणे", "फोटो स्टॉप", "बाहेरून दर्शन" म्हणजे बस थांबेल, दहा-पंधरा मिनिटं फोटो काढा. "प्रवेशासह" म्हणजे तिकीट धरलेलं. आयफेल टॉवर लिहिलं असेल तर दुसऱ्या मजल्यापर्यंत की शेंड्यापर्यंत? स्वित्झर्लंडमध्ये "बर्फाचा डोंगर" असं मोघम लिहितात. युंगफ्राउयोख 3,454 मीटरवर आहे, तिथे रेल्वेने जातात आणि तिकीट महाग. टिटलिसला केबलकारने जातात. दोन्हींच्या खर्चात बरंच अंतर आहे, म्हणून नाव लिहून घ्या.

हॉटेलच्या नावापुढे "किंवा तत्सम" असणारच, त्याला इलाज नाही. पण शहराच्या मध्यापासून किती किलोमीटर, हे विचारता येतं. पॅरिसचं म्हणून विमानतळाजवळचं हॉटेल दिलं की संध्याकाळ फुकट जाते. बसचंही तसंच. युरोपात चालकाला दिवसाला नऊ तासच गाडी चालवता येते, आठवड्यातून दोनदा दहा, आणि साडेचार तासांनी 45 मिनिटं थांबावंच लागतं. म्हणून एका दिवसात दोन देश आणि वर रात्रीची रोषणाई असं लिहिलेलं असेल तर काहीतरी गळणार, आणि ते सहसा रोषणाईच असतं.

कुलकर्णी वहिनी, ए-304 · 10:08
आणि काका, "मुंबईहून" लिहिलंय, म्हणजे बडोद्याहून मुंबईचं भाडं आपलं?

साठे काका, बी-101 · 10:12
आपलं. जाता-येता रेल्वे, सामान, आणि पहाटेचं विमान असेल तर आदल्या रात्रीचं हॉटेल. अहमदाबादहून निघणारी तुकडी माणशी चार-पाच हजारांनी महाग दिसली तरी एक्सप्रेसवेने दोन तासांत पोचतो आपण. दोन्हींचा हिशेब मांडून मग ठरवा.

विसाराबद्दल. माणशी 5,000 ते 25,000 मागतील आणि तो परत मिळणार नाही असं पावतीच्या मागे छापलेलं असेल. देण्याआधी रद्द करण्याचं कोष्टक मागा: किती दिवस आधी किती टक्के कापणार. त्यात एक ओळ खास शोधा: व्हिसा नाकारला तर काय? बहुतेक ठिकाणी ते तुमच्याच बाजूने रद्द केलं असं धरतात. आणि पुरेशी माणसं जमली नाहीत म्हणून कंपनीने तुकडी रद्द केली तर? तेव्हा पूर्ण पैसे परत की दुसरी तारीख, हे लेखी हवं. विक्रेता म्हणतो, "काका, तसं होत नाही." होत नसेल तर लिहून द्यायला त्याला काय हरकत आहे? पावतीवर पेनाने लिहून सही-शिक्का मारून दिला तरी चालेल. निदान तिथेच त्याला कंपनीच्या मेलवरून पाठवायला लावा, आणि मेल आला की मग क्यूआर स्कॅन करा.

पवार दादा, ए-501 · 10:16
क्यूआर स्कॅन केल्यावर कंपनीचंच नाव येतंय का ते पाहा. एखाद्या माणसाचं नाव आलं तर थांबा. जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला की नोंदणी चालू आहे की नाही ते मिनिटभरात कळतं.

साठे काका, बी-101 · 10:19
आणि नंतर तिकीट आलं की नुसत्या पीएनआरवर विसंबू नका. पीएनआर म्हणजे जागा धरून ठेवलेली असू शकते. 13 आकडी ई-तिकीट नंबर आला म्हणजे पैसे विमान कंपनीकडे पोचले. गटाची तिकिटं प्रवासाच्या दोन-तीन आठवडे आधी निघतात, तोवर धीर धरावा लागतो, पण त्या आठवड्यात मागे लागायचं.

शिंदे काकू, बी-403 · 10:22
आम्ही दोघं बहुतेक व्हिएतनाम किंवा थायलंड करू. त्यात काही वेगळं?

मोहिते ताई, सी-104 · 10:27
सोपं आहे काकू. व्हिएतनामचा ई-व्हिसा सरकारी साइटवर एका प्रवेशाचा 25 डॉलर, अनेक प्रवेशांचा 50. पॅकेजमध्ये यापेक्षा फार जास्त लावला असेल तर विचारा. थायलंडला 1 मे 2025 पासून डिजिटल आगमन कार्ड लागतं, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं. ते फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्या साइट्स खोट्या. बालीकडे वळलात तर दीड लाख रुपियाचा (इंडोनेशियाचं चलन, आपले रुपये नव्हेत) पर्यटक कर वेगळा असतो.

कुलकर्णी वहिनी, ए-304 · 10:31
फार उपयोगाचं झालं सगळं. मग उद्या किती वाजता निघायचं?

साठे काका, बी-101 · 10:35
दार उघडतानाच. अकरा वाजता तो मुलगा बसून ओळीने सगळं लिहून देतो, संध्याकाळी सहाला त्याच्या टेबलाभोवती तीन रांगा असतात आणि कागदावर फक्त एकूण रक्कम मिळते. उद्या तीन स्टॉलवरून लेखी दर घ्या, एकाच तारखेचे, एकाच माणसांच्या संख्येचे. पैसे परवा. रविवारी संध्याकाळी व्हिसा फी किंवा टिप दरात धरून द्या असं सांगून बघा, त्यांना आकडा गाठायचा असतो. पण सुट्टीतली तारीख असेल आणि दहाच जागा उरल्यात असं दिसलं तर रविवार सकाळच्या पुढे ढकलू नका. पाच घरं एकत्र गेलात तर गटाचा दर मागा, मात्र बिलं घरागणिक वेगळी.

लॉटरीच्या कुपनावर रोजचा नंबर लिहू नका. वर्षभर फोन येत राहतात.

पवार दादा, ए-501 · 10:38
माझ्या गाडीत चार जागा आहेत. 10:15 ला गेटवर. प्रत्येकाने पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाची झेरॉक्स आणि पॅनची झेरॉक्स आणा. मूळ पासपोर्ट घरीच ठेवा.

जाधव, सी-202 · 10:40
मी आणि बाबा येतो दादा. बाबांच्या पासपोर्टची मुदत ऑक्टोबर 2026 ला संपतेय, चालेल ना?

मोहिते ताई, सी-104 · 10:42
20 मेला परत येत असाल तर शेंगेनच्या नियमात बसतं, ऑगस्टपर्यंत पुरेसं होतं. कंपनीच्या सहा महिन्यांत बसत नाही, नोव्हेंबर लागेल. सोमवारीच पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घ्या, आणि नवा हातात येईपर्यंत बाबांच्या नावाचा विसार भरू नका.