'रसिक' प्रेक्षक आणि 'ताजे' बांगडे

फोंड्याकडच्या एका गावातल्या उत्सवी नाटकाचं पत्रक हाती आलं. त्यात असं: "सर्व 'रसिक' प्रेक्षकांना 'आग्रहाचे' निमंत्रण!!! नाटकानंतर महाप्रसाद..." आता हे रसिक खरे की नावापुरते? आग्रह मनापासूनचा की तोंडदेखला? लिहिणाऱ्याच्या मनात तसं काही नसणार हे कळतं. पण जोर द्यायला शब्द असे एकेरी अवतरणचिन्हांत घालणं बरोबर धरायचं का?

उत्तर: नियमाने चूक म्हणता येत नाही. बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे द्यायचे तर दुहेरी अवतरणचिन्ह, एखाद्या शब्दावर जोर द्यायचा तर एकेरी, असं शालेय व्याकरणातच असतं. पत्रकवाल्याने तेच केलंय. पण मधल्या काळात उपरोधासाठी हेच चिन्ह इतकं वापरलं गेलं, की वाचणाऱ्याची नजरच फिरली. म्हापशाच्या बाजारात 'ताजे' बांगडे अशी पाटी दिसली तर मी आधी कल्ले उघडून बघेन.

मुळात ही विरामचिन्हं आपल्याकडे उशिरा आली. पोथ्यांत दंड असे, मोडीत तर दोन शब्दांमध्ये जागाही सोडत नसत. इंग्रजी वळणाची चिन्हं एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडीने मराठीत रुजवली. त्याआधी ही सगळी कामं शब्दच करत आणि अजून करतात. जोर हवा? 'च' लावा: "ताजेच बांगडे घ्या." शंका हवी? "ताजे आहेत म्हणे." एवढ्यावरच गिऱ्हाईक पुढच्या पाटीकडे वळतं. आपल्या कोंकणीतही त्यासाठी 'खंय', म्हणजे 'म्हणे', आहेच: "तो येतलो खंय." येईल तेव्हा खरं!

बाकी तीन उद्गारचिन्हांनी निमंत्रण तिप्पट होत नाही. आणि ते तीन टिंबांचं लोपचिन्ह काहीतरी गाळलंय हे दाखवायला असतं. "महाप्रसाद..." वाचून मला वाटलं, यंदा रद्दच झाला की काय.

— मग नाटकाच्या नावाचं काय? त्याचं अवतरणचिन्हही काढायचं?

नाही, तिथे मात्र हवंच. समजा नाटकाचं नाव भांडण आहे. "रविवारी देवळात भांडण" असं छापलंत तर प्रेक्षकांआधी पोलीस येतील. "रविवारी देवळात 'भांडण'" लिहा. आणि प्रवेशिकेवर 'मोफत' लिहिणार असाल, तर ते एकेरीत घालू नका, लोक सुटे पैसे घेऊन येतील.